लुगड्याचा पडदा

दसऱ्याला झेंडूचा वास आला की ताईचं लग्न आठवतं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पाहिला होता तसा फोटोचा कोपरा मी मांडवात उभा केला होता. दोन बांबू, त्यांवर आईचं हिरवं लुगडं आणि आमच्याच मळ्यातल्या झेंडूच्या माळा. कॅमेरा मित्राचा. घरात वडिलांचा एकही फोटो नव्हता. ताईबरोबर त्यांचा एक तरी निघावा, म्हणूनच हा सगळा खटाटोप. पण ओल्या माळांच्या वजनानं एक बांबू कलू लागला आणि वडील लुगड्यामागे जाऊन तो धरून उभे राहिले. ताई वडिलांना म्हणाली, "दादा, या ना माझ्याजवळ." ते मागूनच म्हणाले, "आधी पाव्हण्यांचं होऊ दे. मी सोडलं तर नवरदेवाच्या डोक्यावर सासूचं लुगडं पडंल!" सगळे हसले. पाहुणे येत राहिले आणि रोल संपला. पुढच्याच पावसाळ्यात वडील गेले. दहाव्याला हार घालायला कुणीतरी फोटो मागितला, तेव्हा मी लग्नाचा अल्बम पुन्हा पुन्हा चाळला. प्रत्येक फोटोच्या कडेला, बांबूभोवती, त्यांची बोटं तेवढी दिसतात. मी अजूनही दसऱ्याला झेंडूचा एक हार जास्तीचा आणतो. तो कुठे घालावा, ते मात्र मला कळत नाही.