आधी ड्रायव्हर, मग व्याही

आमच्या चौबे कॉलोनीतल्या घरात दोन गोष्टी आपोआप साचत: धूळ आणि बाबांचे किस्से. धूळ मी रोज पुसत असे. किश्श्यांपुढे मात्र माझा इलाज चालला नाही!

बाबा निवृत्त सुभेदार. "आधी जवान जेवतो, मग साहेब," हा पलटणीचा नियम त्यांनी घरातही लागू केला होता. सकाळचा पहिला कप भांडीवाल्या दुकलहीनबाईचा. एकदा नागपूरच्या आत्याबाई रुसल्या, "काहून दादा, मी पाहुणी नाही काय?"

"आहेस ना! म्हणून तर बसून आहेस. भांडे तिनं घासले!"

* * *

रायपूर नुकतेच राजधानी झाले होते आणि माझ्या मुलीसाठी, वैदेहीसाठी, स्थळे येऊ लागली होती. पहिला मुलगा ऐटीत म्हणाला, "नानाजी, मुझे देश की सेवा करनी है।"

बाबा आनंदाने उठले. "उत्तम! आमच्या गल्लीतली नाली तुंबून राहिली. फावडं मागच्या अंगणात आहे!"

मुलगा मागच्या अंगणात गेला, तो मागच्या फाटकातूनच घरी गेला.

"बाबा, अशानं पोरीचं लग्न व्हायचं नाही," मी खडसावले.

"व्हईल. नालीही साफ व्हईल."

नाली त्यांनी स्वतःच उपसली!

* * *

दुसरे स्थळ वैदेहीच्या मनात भरले होते. मुलाचे वडील राजधानीबरोबर बदलून आलेले बडे अधिकारी. त्यांचा होकार अजून यायचा होता. तो सांगायला की नकार, हे न कळवताच ते सहकुटुंब जेवायला आले. मी बाबांना बजावले, "आज पलटण नको."

पाने मांडून होतात तोच बाबा बाहेर गेले आणि साहेबांच्या ड्रायव्हरला हाताला धरून आत घेऊन आले. पहिल्या पाटावर बसवले. तो बिचारा अंग चोरून बसला. साहेब उभेच! वैदेही स्वयंपाकघराच्या दारात, डोळ्यांत पाणी. मी मनातल्या मनात स्थळावर पाणी सोडले.

इतक्यात बाबांनी वरणाचे पातेले साहेबांपुढे धरले. "वाढाले हात कमी पडून राहिले, साहेब."

साहेबांनी घड्याळ काढले, बाह्या दुमडल्या आणि वाकून ड्रायव्हरला वरण वाढले.

ड्रायव्हरने पानाकडे पाहिले, बाबांकडे पाहिले. धीर आला असावा.

"साहब, दाल तो आ गई... घी?"

साहेब लगबगीने स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"सूनबाई, तुपाचं भांडं दे. लवकर!"