आळशी प्रश्नाचा पैरा

फौजी गेल्याचं सुमनवहिनींनी फोन करून सांगितलं तेव्हा मी साताऱ्यात ऑफिसमध्ये होते. शिराळ्याजवळच्या त्यांच्या गावी, उसाला पाणी पाजताना छातीत कळ आली आणि सगळं तिथंच संपलं... नवऱ्याबद्दल एवढंच सांगून वहिनी म्हणाल्या, "ताई, ग्रुपवर तुमीच कळवा. मला न्हाई जमायचं." मी कळवलं. हॅकिंग शिकणाऱ्यांचा हा आमचा मराठी ग्रुप. संगणकातल्या सुरक्षेच्या फटी मालकाच्या परवानगीनं शोधायच्या आणि बुजवायच्या, हे तिथं शिकवलं जातं. ॲडमिन आम्ही दोघंच, फौजी आणि मी. श्रद्धांजलीचे मेसेज येऊ लागले आणि त्यांच्या मधोमध एका नव्या सदस्यानं लिहिलं, "सर हॅकिंग शिकायचंय, सगळं एका मेसेजमध्ये सांगा."

शिरवळला एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळणारा राहुल हा आमच्यातला सगळ्यात जाणता. त्यानं खाली लिहिलं, "वर काय लिहिलंय ते तरी वाच गड्या," आणि मला फोन लावला. "ताई, आता बास. प्रवेशपरीक्षा ठेवू. पास होईल तो आत, बाकीच्यांना दार बंद." संध्याकाळपर्यंत बरेच जुने सदस्य त्याच्या बाजूला गेले. निर्णय माझ्याकडे आला. दहावा होऊ दे, मग सांगते, असं मी म्हटलं.

फौजींचं नाव दत्तात्रय, पण ग्रुपवर त्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नाही. सैन्यात सिग्नल विभागात होते, निवृत्त होऊन ऊसशेतीत आले आणि संगणकाचा नाद घेऊनच आले. ग्रुप त्यांनी काढला. मी आल्यावर शिस्त लावायला घेतली. प्रश्न विचारण्याआधी काय वाचावं, कसं शोधावं, प्रश्नात काय लिहावं याची मुद्देसूद यादी करून वर चिकटवली. फौजींनी ती पूर्ण वाचली. बहुधा त्यांनी एकट्यानंच. "ताई, लय झ्याक केलीया. पण जो ही वाचतोय त्याला आपली गरज न्हाई, आन ज्याला गरज हाय त्यो वाचत न्हाई."

त्या काळात आळशी प्रश्नांचा पूरच होता. हॅकर कसं व्हायचं, कुठलं ॲप घेऊ, वायफायचा पासवर्ड तोडून द्या. राहुल "गूगल कर" एवढं लिहून मोकळा व्हायचा, कधी टिंगलही करायचा. माणसं गुपचूप निघून जायची. एकदा कराडला आम्ही तिघं भेटलो तेव्हा मी म्हटलं, नियम मोडणाऱ्याला काढू या. राहुल म्हणाला, "आळशी आहेत ते. आपण का राबायचं?"

फौजी बशीत चहा ओतत म्हणाले, "आळशी हायतच. म्या कवा न्हाई म्हनलं? पण आमच्याकडं पैरा असतोय. आज तू माझ्या रानात राबलास, उद्या मी तुझ्या रानात. ह्यास्नी बी पैरा लावू. उत्तर द्यायचं, पण फुकट न्हाई. म्होरचा माणूस त्योच प्रश्न घिऊन आला की ह्यानं सांगायचं."

"आणि नाही सांगितलं तर?" राहुलनं विचारलं.

"तर काय, त्याच्या रानात पुन्हा कोन जातंय?"

एवढी एकच अट. मी अर्थातच तक्ता केला, कुणाचा पैरा बाकी आहे याचा. माण तालुक्यातली कोमल, घरी मेंढ्या, हातात भावाचा जुना फोन. तिचा पहिला प्रश्न वायफाय तोडण्याचाच होता. फौजींनी सांगितलं, "स्वतःच्या घरचं, नायतर ज्याचं हाय त्याला इचारून," आणि पहिली पायरी शिकवली. पुढं तिच्यावर पैरा आला तेव्हा तिनं चक्क चुकीचं उत्तर दिलं. राहुल तुटून पडला. फौजींनी लिहिलं, "ऱ्हाऊ द्या. चार माणसांत चुकलीया, आता घरला जाऊन वाचंल." तिनं वाचलं. दुरुस्त उत्तर टाकलं, ते आम्ही आजही नव्यांना देतो.

फौजी गोड स्वभावाचे होते असं कुणी समजू नये. मैत्रिणीचं अकाउंट उघडून मागणाऱ्याला त्यांनी एका वाक्यात बाहेर काढलं होतं: "दुसऱ्याच्या रानात इचारल्याबिगर शिरायचं त्याला पैरा न्हाई, चोरी म्हंत्यात." तिथं त्यांनी कधी दुसरी संधी दिली नाही, आणि माझंही मत तेच आहे.

दहाव्याला राहुल आणि मी गावी गेलो. जेवणं झाल्यावर सोप्यात बसलो. राहुल हळू आवाजात म्हणाला, "ताई, फौजी होते म्हणून चाललं. अर्ध्यांनी पैरा फेडलाच नाही, त्यांच्या वाटणीची उत्तरं फौजी एकटेच द्यायचे. आता रोज कोण बसणार?" तक्ता माझाच होता, त्यामुळं त्याचं खरं आहे हे मला माहीत होतं. पण उरलेल्या अर्ध्यांचं काय? आमच्या परीक्षेत कोमल पहिल्याच दिवशी नापास झाली असती. आणि श्रद्धांजलीच्या मेसेजांमध्येच प्रश्न टाकणाऱ्या त्या नव्या सदस्याला तिनंच त्या दुपारी उत्तर दिलं होतं: "आधी वरचं वाचा. मग मी सांगते, पण पैरा राहील." त्यानं माफी मागितली, आणि दहाव्याच्या आदल्या दिवशी दुसऱ्या एका नवख्याला मोडकंतोडकं का होईना, समजावलंही होतं.

मी राहुलला सांगितलं, परीक्षा नाही. एकाच्या जिवावर चाललं ही चूक होती, तेवढी सुधारायची. उत्तरं द्यायचे वार वाटून घेऊ. "सोमवार मला द्या," तो म्हणाला. "पण मी त्यांच्यासारखं समजुतीनं घेणार नाही."

"ते तरी कुठं घ्यायचे?" मी म्हटलं.

खिडकीत फौजींचा फोन चार्जिंगला लावलेला होता. वहिनी चहा घेऊन आल्या. "नंबर ग्रुपातनं काढू नगा, ताई. सकाळी वाजला की वाटतंय, गोठ्यातनं येत्यात आत्ता..." तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला आणि सावकाश वाचलं, "हॅकिंगसाठी कुठला लॅपटॉप घेऊ, लवकर सांगा." मग आमच्याकडं बघून विचारलं, "ह्याला कोन सांगतंय आता?"

त्या दिवशी गुरुवार होता. राहुलनं कप खाली ठेवला आणि खिशातून फोन काढला.