मोठा फ्यूज

आष्टीत बद्रीनाथ वायरमनला लोक हट्टी म्हणतात, आणि तो आहेच. फ्यूज उडाला की तारेला दुहेरी पीळ मारून बसवायची गावाची सवय. बद्रीनाथला असा पीळ दिसला की तो उपटून फेकणार आणि घरमालकाला चार शब्द सुनावूनच शिडीवरून उतरणार. धाकट्या भावाला, कल्याणला, त्यानंच काम शिकवलं. पुढं कल्याणनं वेगळं दुकान टाकलं, थोरल्याची निम्मी गिऱ्हाइकं तिकडं गेली, आणि एका भिंतीच्या दोन बाजूंना राहणाऱ्या या दोघांनी अबोला धरला. मी समोरच राहतो. मला दोघांचाही राग यायचा.

नवलकिशोर शेठच्या कापसाच्या जिनिंगवर आधी दोन सोलर इन्व्हर्टर होते, यंदा तिसरा बसला. तिन्हींची थ्री-फेज वीज एका पेटीत एकत्र येते आणि तिथून जमिनीखालच्या एकाच केबलनं मेन बोर्डाकडं जाते. पेटी नवी आणली, केबल मात्र जुनी, दोन इन्व्हर्टरपुरतीच राहिली. सकाळी काही जाणवायचं नाही. दुपारी ऊन तापून तिन्ही इन्व्हर्टर भरात आले की पेटीतला फ्यूज जायचा. दसऱ्याला कापूस खरेदीचा मुहूर्त, म्हणून शेठनं बद्रीनाथला बोलावलं.

"फ्यूज मोठा टाका, बद्रीभाऊ. केबल दिवाळीनंतर बदलू."

"न्हाई शेठ. फ्यूज केबलला वाचवायला असतो. तो मोठा केला तं फ्यूज ऱ्हाईल अन् केबल जळंल. तिघांच्या करंटची बेरीज करा, वर थोडी जास्तीची ताकद धरा, अन् तशी केबल आणा. तवर तिसरा बंद ठेवा."

"मुहूर्तालाच बंद? मंग दुसरा माणूस पाहावा लागंल."

दुसरा माणूस कोण, हे बद्रीनाथला सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. बद्रीनाथनं पक्कड, टेस्टर, मीटर पाटावर मांडून हळद-कुंकू वाहिलं. पूजेतली हत्यारं आमच्याकडं दसऱ्यापर्यंत उचलत नाहीत. पलीकडं कल्याणनं मात्र पूजा उरकून पिशवी भरली. बद्रीनाथची बायको द्वारकाबाई नवऱ्याला म्हणाली, "आवो, भावजी जिनिंगवर निघून राह्यले. केबल लहान हाये, एवढं तरी सांगा त्यायला."

"शेठला सांगितलं म्या. माझं काम झालं."

"शेठ सांगंल का त्यायला?"

बद्रीनाथ उदबत्ती लावत बसला. ओट्यावरून मी हे ऐकलं. बाहेर कल्याणची गाडी सुरू झाली आणि निघून गेली.

दसऱ्याच्या दुपारी जिनिंगच्या दारात कापसाचे टेम्पो उभे होते. कल्याणनं पेटीत मोठा फ्यूज बसवून दिला होता आणि मुहूर्ताला तोही हजर होता. वजनकाट्याची पूजा झाली, नारळ फुटला, यंत्रं सुरू झाली. थोड्या वेळानं केबल तापून रबर जळाल्याचा वास आला. मेन बोर्डामागच्या भिंतीवर कापसाचे बारीक तंतू साचलेले होते, ते पेटले. कल्याण स्विच पाडायला धावला आणि बोर्ड त्याच्या हातांशीच भडकला. लोकांनी माती-पाणी मारून कापूस वाचवला.

संध्याकाळी गाव बद्रीनाथच्या दारात. जो तो म्हणे, "बद्री म्हणत होता तेच खरं निघालं." बद्रीनाथनं आतून दार लावून घेतलं. तेव्हा मात्र मला त्याची कीव आली.

जालन्याच्या दवाखान्यात कल्याणच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. बद्रीनाथ डबा घेऊन गेला, मी सोबत होतो. तो खिचडीचा घास करून भावाला भरवू लागला. अबोला कसा मोडला, ते दोघांनाही कळलं नसावं.

"दादा, मी केबल तपासलीच न्हाई," कल्याण म्हणाला. "शेठ म्हणले, आधी बद्रीभाऊ पाहून गेलते. मला वाटलं, तू पाह्यलं म्हंजे बराबरच असंल."

बद्रीनाथचा हात डब्यातच राहिला.

"तुला म्हाईत होतं का, दादा?"

"होतं."

 कल्याणनं तोंड भिंतीकडं केलं. बद्रीनाथनं हातातला घास डब्यात ठेवला आणि डब्याला झाकण लावलं.