तीन नंबरचा ॲक्सल बॉक्स

या, अशा जवळ सरकून बसा. उंबऱ्यावर उभ्या उभ्या ऐकायची ही गोष्ट नाही. आणि आधी एक बोलून घेते, राग मानू नका. तुम्ही मंडळी बागेत येता, आमच्या जुन्या डब्यात चढता, खिडकीवर कोपर टेकवून फोटो काढता आणि उतरून भेळ खायला जाता. खाली वाकून चाकाकडे एकानेही पाहिलं नाही आजवर. डबा काय खिडक्यांवर चालतो का? आज चाकाचं सांगते. निमूट ऐका.

आम्हीच घेतलेल्या ट्रायलच्या पाचव्या फेरीत धूर निघाला.

मी डब्यात होते. नव्या गाद्यांची शिलाई वजनाने उसवते का, ते पाहत होते. आधी वास आला. जळक्या तेलाचा, कडू, घशात बसणारा. हा वास मला झोपेतही ओळखू येतो. मी खिडकीतून डोकं काढून इंजिनवाल्याला हात दाखवला. गाडी थांबली. उतरून पाहते तर तिसऱ्या चाकाशी साहूजी उभे. साहूजी म्हणजे आमचे वेल्डर, इथलेच छत्तीसगढी. तोंडावर गमछा धरून म्हणाले, "दीदी, ये तो जर गे."

जळालाच होता.

आता आम्ही कोण, ते सांगते. भिलाई-3 कडे एका जुन्या शेडमध्ये आम्ही बारा-पंधरा रिटायर माणसं दर शनिवार-रविवार जमतो. बहुतेक स्टील प्लांटची. कोणी फिटर, कोणी वेल्डर, कोणी क्रेन चालवलेला. नॅरो गेजचा, म्हणजे लहान रुळांवरचा, एक लाकडी डबा आम्हाला मिळाला होता. ती लाइन कधीच बंद पडली. डबा भंगाराच्या यादीत होता. रेल्वेच्या एक मॅडम आहेत, वयाने माझ्या लेकीएवढ्या, त्यांनी तो यादीतून तात्पुरता बाजूला काढून आम्हाला दिला. अट एकच. बागेभोवती टाकलेल्या गोल रुळावर वाळूची पोती भरून दहा फेऱ्या मारायच्या. एकही बेअरिंग हात ठेवता येणार नाही इतकं तापलं, तर डबा परत यादीत. यादीत गेला की गॅस कटर आणि मग भट्टी. लोखंड वितळायला आमच्या गावात फार लांब जावं लागत नाही.

बाकीच्यांचं अकरा महिन्यांचं काम त्यात होतं. माझं जरा जास्त होतं. माझी सगळी नोकरी नॅरो गेजच्या डेपोत गेली. नवऱ्याच्या जागी लागले तेव्हा सातवी पास होते. बाकीचं हातांनी शिकले. ती लाइन गेली, डेपो गेला, डबे गेले. ज्या कामावर मी लेकरं वाढवली, त्याची दाखवण्यासारखी एवढीच एक वस्तू उरली होती.

आणि तरी मी या डब्याच्या सीट शिवत होते. कारण पहिल्याच दिवशी आमचे प्रमुख वानखेडे साहेब म्हणाले होते, "मेश्रामताई, तुमी गाद्या-पडद्याचं पाहा जी. खालचं जड काम आमी पाहून घेतो."

मी म्हटलं, बरं.

वानखेडे साहेब माणूस मोठा. रोलिंग मिलमध्ये आयुष्य काढलेलं. तिथे लाल तापलेलं लोखंड रुळांसारखं सरकतं आणि हजारो बेअरिंगं दिवसरात्र फिरतात. त्यांच्या हाताखाली एकही बेअरिंग जाम झालं नाही, असं लोक सांगतात. सेक्टर 10 मध्ये राहतात. अजूनही सकाळी सायकलला तेल देऊन मगच चहा घेतात.

धूर निघाला त्या दिवशी ते तीन नंबरच्या बॉक्ससमोर उकिडवे बसले. झाकण उघडलं. आतून पिवळं ग्रीस पातळ होऊन गळत होतं.

"ग्रीस कमी पडलं," ते म्हणाले. "अजून भरा."

मी म्हटलं, "साहेब, कमी नाही पडलं. ग्रीस भरलं हेच चुकलं."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. हातात सुई-दोरा होता माझ्या.

साहेब म्हणाले, "तुमाले कसं काय माहीत?"

"अठरा वर्षं मी हेच करत होती. पॅकिंग रूममध्ये."

"मंग आतावरी कावून नाही बोलल्या?"

खरं सांगते, मला चार महिन्यांपूर्वीच कळलं होतं. कचऱ्याच्या ड्रममध्ये काळं, तेलकट सूत पडलेलं पाहिलं होतं मी. ते कुठून निघालं, ते एका नजरेत ओळखलं. प्लांटच्या लोकांना बेअरिंग लखलखीत हवं असतं. त्यांनी आठही बॉक्समधलं ते सूत कचरा समजून खरवडलं, डिझेलने धुतलं आणि वर उत्तम प्रतीचं ग्रीस भरलं. त्यांच्या मिलमध्ये हेच बरोबर होतं. मी मनात म्हटलं, एवढे मोठे साहेब आहेत, काही विचार करूनच केलं असेल. आणि थोडा रागही होता, हे कबूल करते. गाद्या पाहायला सांगितलं ना, मग गाद्या पाहते.

तुम्हाला नीट समजावते, म्हणजे पुढचं कळेल. चाकाच्या बाहेर ॲक्सलचं टोक येतं, गुळगुळीत, त्याला जर्नल म्हणतात. त्याच्यावर पितळेची एक अर्धी वाटी पालथी बसते. तिला आतून मऊ पांढऱ्या धातूचा थर असतो. डब्याचा सगळा भार त्या वाटीवर. हे सगळं एका लोखंडी पेटीत, तोच ॲक्सल बॉक्स. पेटीच्या तळाशी तेल. आता तळाचं तेल वर जर्नलला कसं लागणार? सुताने. दिव्यातली वात तेल वर ओढते ना, तसं. तेलात मुरवलेलं सूत जर्नलला खालून टेकवून ठेवायचं, चाक फिरलं की जर्नल स्वतःच तेल चाटत राहतो. ग्रीस तसं वर चढत नाही. जर्नल एकदा फिरला की ते बाजूला सरतं आणि वाटी कोरडी पडते. या सुतालाच पॅकिंग म्हणतात. आमच्या डेपोत ते बायका करायच्या.

साहेबांनी ऐकून घेतलं. उठले, हात पुसले आणि सायकल काढून घरी गेले. साहूजी म्हणाले, "नाराज हो गे."

मॅडमच्या तपासणीला दहा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळी शेडमध्ये पोचले तर साहेब माझ्या आधी आलेले. जॅक लावून डबा बोटभर उचलला होता, तीन नंबरची वाटी बाहेर काढून मांडीवर घेतली होती. पांढऱ्या धातूवर ओरखडे, नखाने मोजता येतील असे.

"वाटी मी घासून बसवतो," ते म्हणाले. "ते काम येते मले. जर्नलवर निळा रंग लावायचा, वाटी ठेवून फिरवायची, जिथं रंग लागन तिथं उंचवटा, तेवढाच खरवडायचा. दोन-तीन दिवसांत आठही करतो. पण सूत?"

"सूत मी पाहते."

"सांगा, काय काय लागते."

अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं होतं. मी सुई-दोरा पिशवीत टाकला.

नुसतं कापसाचं सूत चालत नाही. ते तेल छान पितं, पण दबून खाली बसतं आणि जर्नलपासून सुटतं. त्यात लोकर लागते. लोकरीला अंगची उसळी असते, ती सुताला वर धरून ठेवते. पूर्वी रेल्वे दोन्ही पुरवायची. आता कोण देणार? कापसाचं सूत मिळालं, कारखान्यांत हात पुसायला वापरतात तेच. लोकरीसाठी मी सेक्टर 6 मध्ये, माझी लेक राहते तिथे, घरोघर निरोप दिला की जुने लोकरी स्वेटर आणा.

दुपारपर्यंत लेकीच्या ओसरीवर ढीग झाला. मी काडेपेटी घेऊन बसले. प्रत्येक स्वेटरचा एक धागा काढायचा आणि जाळायचा. केस जळाल्याचा वास आला, राखेचा चुरा झाला, तर लोकर. थेंब होऊन कडक गोळी झाली, तर प्लास्टिकचा धागा. तो तेल ओढत नाही आणि तापला की वितळतो.

शेजारच्या ठाकरेकाकू मरून रंगाचा स्वेटर घेऊन आल्या. "हा पाहा, एकदम शुद्ध. लग्नातला."

मी धागा जाळला. गोळी झाली.

"परत पाहा," काकू म्हणाल्या.

परत गोळी.

काकू स्वेटरकडे पाहतच राहिल्या. "चाळीस वर्सं ह्याले रिठ्यानं धुवून राहिली मी. उन्हातही नाही वाळवला." मग दाराबाहेर उभ्या नवऱ्याकडे वळल्या. "तुमच्या मायनं देल्ला होता ना?"

काका म्हणाले, "मी चाललो," आणि खरंच गेले.

एवढ्या ढिगातून सहा स्वेटर आणि दोन मफलर कामाचे निघाले. आठ बॉक्सना पुरणार नव्हते. संध्याकाळी वानखेडे साहेब आले. सायकलच्या कॅरियरवर काळी घोंगडी बांधलेली. त्यांचे वडील भंडाऱ्याकडे शेती करत, त्यांची.

"हे जाळून पाहायची गरज नाही," म्हणाले. "मेंढ्या मी पाहिल्या होत्या."

"साहेब, उसवावी लागेल."

"मालूम आहे मले."

सोमवारपासून शेडमध्ये सतरंजी टाकली आणि सगळ्यांना बसवलं. ज्यांनी क्रेनने टनावारी लोखंड उचललं, त्यांना मी वाती वळायला शिकवलं. लोकर आणि सूत पिंजून एकत्र करायचं, सैल पीळ द्यायचा. घट्ट वळलं तर तेल शिरत नाही. साहूजींचे पीळ असे की दोरखंड बरे.

"भाऊ, बैल बांधायचा नाही आपल्याला," मी म्हटलं.

"दीदी, वेल्डिंग करवा लो, ये नहीं होगा."

"वेल्डिंगला लागतो तेवढाच हलका हात लावा."

जमलं मग त्यांना.

वळलेलं सूत दोन दिवस तेलात बुडवलं, एक दिवस जाळीवर निथळलं. शुक्रवारी भरायला घेतलं. मागे एक जाड गुंडाळी, म्हणजे तेल चाकाकडून गळत नाही. मग मधलं, जर्नलला खालून टेकेल असं. पुढे सुताचंच एक बूच, म्हणजे मधलं पुढे सरकत नाही. जर्नलच्या मध्याच्या वर एक धागाही जाऊ द्यायचा नाही. गेला तर वाटी त्याला आत ओढते आणि तिथूनच आग लागते. सात बॉक्स इतरांनी भरले, मी प्रत्येक तपासला. तीन नंबर मी भरला.

ठरल्या दिवशी मॅडम सकाळी दहाला आल्या. वाळूची पोती चढवली. गाडी निघाली. आम्ही रुळाच्या कडेने चालत होतो, एवढी हळू ती असते. पाचवी फेरी झाली. सातवी झाली. दहावीनंतर गाडी थांबली आणि मी एकेका बॉक्सवर हात ठेवत गेले. हात उलटा ठेवायचा असतो. तळहात कामाने राठ झालेला असतो, त्याला खरं कळत नाही.

एक, दोन, गार. चार ते आठ, गार. तीन नंबर गरम होता. हात ठेवता येत होता, पण बाकीच्यांपेक्षा गरम.

साहेब माझ्या बाजूला होते. त्यांनी माझा चेहरा पाहिला. हळूच म्हणाले, "अटीत तर बसते ना?"

"बसते."

"मंग राहू द्या ना बाई."

मॅडम पहिल्या बॉक्सशी होत्या, कागदावर लिहीत. त्यांनी सगळे बॉक्स तपासलेच असते असं नाही. मला वाटलं, एकदा गप्प बसून पाहिलंच आहे की आपण.

"मॅडम," मी म्हटलं, "तीन नंबरला हात लावून पाहा."

साहेबांनी डोळे मिटले.

मॅडमनी हात लावला. "आंटी जी, ये गरम है."

"आहे. हीच वाटी जळाली होती, म्हणून सगळ्यांत जास्त घासली आहे. अजून जर्नलवर पूर्ण बसली नाही. बसली की गार होईल. नाही झाली तर माझं भरणं चुकलं."

"कैसे पता चलेगा?"

"अजून पाच फेऱ्या मारा."

मॅडमनी घड्याळ पाहिलं, इंजिनवाल्याला पाच बोटं दाखवली. गाडी पुन्हा निघाली. साहूजींनी तंबाखू मळली आणि खायची विसरले.

थांबल्यावर मॅडमनी स्वतः हात ठेवला, उलटा, माझं पाहून. बराच वेळ ठेवला. मग वानखेडे साहेबांना म्हणाल्या, "आप देखिए."

साहेबांनी हात लावला. "कमी झाला," म्हणाले. मग पुन्हा एकदा लावला. "बराच कमी झाला."

मॅडमनी कागदावर लिहिलं की डबा जतन करावा, आणि खाली एक ओळ जोडली की पॅकिंगची तपासणी महिन्यातून एकदा मेश्राम यांनी करावी. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि मला म्हणाले, "गाद्यांसाठी आता दुसरं कोणी पाहा लागन."

यातून मी शिकले ते एवढंच. चुकीचं दिसलं तर दिसलं त्या दिवशीच बोलावं. चार महिने मान राखला, त्यात ड्रममधलं जुनं सूत गेलं, एक वाटी खराब झाली आणि एक घोंगडी गेली.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बॉक्स उघडते, सकाळी आठला. माझे गुडघे आता वाकताना कुरकुर करतात आणि हे काम वाचून येत नाही, हात घालूनच येतं. म्हणून म्हणते, येत्या पहिल्या रविवारी शिकायला या. जुने कपडे घाला, तेलाचे डाग निघत नाहीत. लवकर या, उन्हं चढायच्या आत.