घे म्हटल्याशिवाय

मथुरा गावडे एकदा सही करत नाही म्हणाली की करत नाही. कसाल भागातल्या तीन पर्यवेक्षिकांनी, एका डॉक्टरांनी आणि तिच्या नवऱ्याने, दत्तारामने, हे आपापल्या वेळी अनुभवलेलं आहे. दत्ताराम तर म्हणतो, लग्नाच्या नोंदणीवर तिने सही केली हेच नशीब.

कसालपासून चार किलोमीटर आत, काजूच्या बागांमध्ये वसलेल्या वाडीत ती चोवीस वर्षं अंगणवाडी चालवते. शिक्षण दहावी, आवाज खणखणीत. दोन हजार नऊ साली तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी एका मुलाचं वजन थोडं वाढवून लिहायला सांगितलं होतं, वाडीचा आकडा जरा बरा दिसावा म्हणून. मथुराने त्यांच्यासमोर पोराला पुन्हा काट्यात बसवलं आणि काटा दाखवला तेवढंच लिहिलं. बोलणी खाल्ली, पण पोराला दुप्पट आहार सुरू झाला. आज तो पोरगा कुडाळच्या एमआयडीसीत क्रेन चालवतो. सांगायचा मुद्दा एवढाच, की मुलांची उणीव झाकून ठेवणारी ही बाई नव्हे. पुढचं ऐकताना हे लक्षात असू द्या.

गेल्या दिवाळीनंतर वाडीत प्रकल्प आला. जगातल्या चार देशांतली चार खेडी निवडली होती, त्यातलं एक हे. पुण्याची एक संस्था आणि परदेशातली तीन विद्यापीठं मिळून अडीच ते चार वर्षांच्या मुलांची वाढ तपासणार होती. मुलांची हाडं वयाप्रमाणे वाढलीत की नाहीत हे पाहायला कुडाळला मनगटाचा एक्स-रे, आणि बुद्धी वयाप्रमाणे चालते की नाही हे पाहायला एक पेटी. चारही देशांत तीच पेटी. आत लाल ठोकळे, एक घंटा, झाकणाची डबी, कापडी बाहुली, असल्या चौदा वस्तू. पेटी घेऊन आल्या त्या चारुता मॅडम. तिशीतल्या, पुण्याच्या, अभ्यासू, आणि बोलायला गोड.

मथुरा खूश झाली. तिच्या अंगणवाडीतली पोरं जगाच्या कागदावर जाणार, हे काय थोडं झालं? एक्स-रेसाठी मुलांच्या हातातल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या काढायच्या म्हटल्यावर घरोघरच्या म्हाताऱ्या फणफणल्या, तेव्हा त्यांची समजूत तिनेच काढली. "दीष्ट लागली तर माझ्या नावान बोंब मार," असं तिने वाडीतल्या समीक्षाच्या सासूला, अक्काला, भर अंगणात सांगितलं.

पेटीचे नियम मात्र कडक होते. वस्तू मुलासमोर ठेवायची आणि तीस सेकंद थांबायचं. मुलाने आपण होऊन हात घातला तर गुण, नाही तर शून्य. आईने जवळ बसायचं, पण तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, मानही हलवायची नाही. नाहीतर तो गुण आईचा होईल, मुलाचा नव्हे. मथुराला हे पटलं. आदल्या दिवशी तिने सगळ्या आयांना बसवून तंबी दिली. "तोंड उघडशात तर बघा. पोरांका काय ता करूंदेत."

आणि आयांनी तोंड उघडलं नाही.

समीक्षाची तन्वी सव्वातीन वर्षांची. घरात बडबडून डोकं उठवणारी, कोंबड्यांना एकेक नाव देणारी. चारुता मॅडमनी तिच्यासमोर ठोकळे ठेवले. तन्वीने ठोकळ्यांकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. आई भिंतीसारखी गप्प. तन्वीने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि बसून राहिली. तीस सेकंद झाले, मॅडमनी शून्य लिहिलं. घंटा ठेवली. पुन्हा आईकडे पाहिलं, पुन्हा हात पाठीमागे. बाहुली, डबी, बहुतेक सगळ्याचं तेच. चौदापैकी बारा शून्यं. वाडीतल्या एकोणीस मुलांपैकी अकरांचं असंच झालं.

महिन्याभराने तालुक्याहून यादी आली. 'विकासात विलंब असलेली बालके', अकरा नावं, चौथं तन्वीचं. प्रत्येकाच्या तक्त्यावर अंगणवाडी सेविकेची सही हवी होती. सही झाली की नावं विशेष उपचारांच्या नोंदवहीत जाणार आणि ती नोंद शाळेच्या दाखल्यापर्यंत मुलांच्या मागे राहणार. प्रकल्पाच्या निकालावरून तालुक्याने परस्पर यादी केली होती. ती चारुता मॅडमनी मागितली नव्हती, पण आकडे त्यांचेच होते.

मथुराने यादी वाचली आणि घडी घालून पोलक्यात ठेवली. सही केली नाही. का करत नाही, हे मात्र तिला स्वतःलाही सांगता येईना. तिच्या मनाला ते खरं वाटत नव्हतं, पण मनाला वाटतं हे काही तक्त्यावर लिहिता येत नाही. आणि खरंच काही उणं असलं तर? नऊ साली जे तिने दुसऱ्याला करू दिलं नाही, तेच आज ती स्वतः करत होती की काय? या विचाराने तिला आठवडाभर अन्न गोड लागलं नाही.

इकडे समीक्षाच्या घरी वेगळंच सुरू झालं. तिचं माहेर आचऱ्याचं. अक्काने शोध लावला, की असलं काही आमच्या घराण्यात नव्हतं, ते तिकडूनच आलं. तन्वीने ताटात सांडलं तरी अक्का म्हणे, "सांडतलाच. कागदावरच लिवल्यानी हा, मंद म्हणान." समीक्षाने पोरीला अंगणवाडीत पाठवणं बंद केलं. चार बायकांच्या नजरा कोण सोसणार?

म्हणून मथुरा तिच्या घरी गेली. पायरीवर बसून समजूत घालत होती, तेवढ्यात आचऱ्याहून फिरतीवर येणारी मासळीवाली आली. समीक्षा टोप आणायला आत गेली. मासळीवालीने कमरेच्या पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला आणि एक बिस्किट तन्वीपुढे धरलं. तन्वीने बिस्किटाकडे पाहिलं, मग दाराकडे. दारात कोणी नव्हतं. दोन्ही हात पाठीमागे गेले. मासळीवाली हात पुढे करून उभी, पोर जागची हलत नाही. मथुराने पाहिलं, तेच हात, तसेच पाठीमागे. समीक्षा टोप घेऊन बाहेर आली, सहज म्हणाली, "घे गो, घे," आणि तिचं वाक्य संपायच्या आत बिस्किट तन्वीच्या तोंडात होतं.

मथुरा पायरीवरून उठली ती कपाळावर हात मारूनच.

परक्याने काही दिलं तर घरचं माणूस घे म्हणेपर्यंत हात लावायचा नाही. या वाडीत पोर रांगायला लागल्यापासून हे शिकवतात. घरी आई शिकवते आणि अंगणवाडीत कोण शिकवतं? मथुरा गावडे! चोवीस वर्षं, दर जूनमध्ये, नव्या पोरांना ओळीत बसवून. आणि त्याच मथुरा गावडेने आयांची तोंडं बंद करून पोरांना परक्या बाईसमोर बसवलं होतं. ज्या अकरांनी तिचं नीट ऐकलं, त्या अकरांना शून्य मिळालं. तिला स्वतःचा इतका राग आला, की घरी जाऊन तिने दत्तारामशी काही कारण नसताना भांडण काढलं. दत्ताराम गुपचूप काजूच्या बागेत निघून गेला.

दोन दिवसांनी चारुता मॅडम प्रकल्पाचे राहिलेले कागद न्यायला कुडाळहून आल्या. मथुराने सगळं सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बाई, तुमचं म्हणणं मला समजतं. पण पद्धत चारही देशांत एकच आहे. एका ठिकाणी आईला बोलू दिलं तर तुलनाच करता येणार नाही."

"बरं," मथुरा म्हणाली. "आधी जेवून घ्या. सकाळपासून उपाशी असाल."

तिने मॅडमना घरी नेलं. तव्यावरून उतरलेले चार घावणे, वाटीत गुळाचा नारळरस. ताट मॅडमच्या पुढ्यात ठेवलं आणि समोर पाटावर बसली. मॅडमचंच वेळ मोजायचं घड्याळ त्यांच्या कागदांवर ठेवलेलं होतं, ते उचलून तिने कळ दाबली. बोलली मात्र काहीच नाही.

मॅडमनी ताटाकडे पाहिलं, मथुराकडे पाहिलं, हसल्या. मथुरा भिंतीसारखी गप्प. मॅडमनी खांद्यावरची ओढणी सावरली. घावण्यांची वाफ विरत चालली. मॅडमनी विचारलं, "तुम्ही नाही घेत?" मथुरा घड्याळाकडे बघत राहिली. मॅडमचे दोन्ही हात मांडीवर, एकात एक गुंतलेले. भूक तर चेहऱ्यावर दिसत होती.

दोन मिनिटं झाल्यावर मथुराने घड्याळ पुढे सरकवलं. आता तिची कचेरीतली मराठी संपली होती.

"तीस सेकंदांची दोन मिन्टां झाली, मॅडम. शून्य लिवू? पुण्याची शाणी पोरगी, ताट समोर आसा, पोटात भूक आसा, आणि हात लावणा नाय. विलंब म्हणू तुमका?"

चारुता मॅडमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तुम्ही घ्या म्हणायची वाट..." एवढं बोलून त्या थांबल्या.

"माझी पोरां तीच वाट बघी होती," मथुरा म्हणाली. "तेंची हाडां बरी म्हणान तुमच्या एक्स-रेन सांगल्यान. कान बरे, डोळे बरे. मगे विलंब बसलो खंय? तो तुमच्या पेटयेत बसलो आसा. मी सही करूचंय नाय." आणि मग, आवाज उतरवून, "घेवा आता. थंड झाले तर चामट होतत."

त्याच दुपारी समीक्षा आणि तन्वीला बोलावून पेटी पुन्हा उघडली, अंगणवाडीत, नियमाबाहेर. एकच बदल केला. वस्तू ठेवली की समीक्षाने म्हणायचं, "घे गो." तन्वीने नऊ ठोकळ्यांचा मनोरा रचला, घंटेने बाहुलीला झोपेतून उठवलं आणि डबीचं झाकण काढून आत एक ठोकळा कोंबड्याला म्हणून ठेवला. चारुता मॅडम वहीत भराभर लिहीत होत्या. मग पेन ठेवून म्हणाल्या, "मी चुकले, बाई. पण जुने आकडे पाठवून झालेत. मी वर लिहिते. चारही ठिकाणी कळवते. वेळ लागेल."

त्यांनी लिहिलं, हे खरं. उत्तर मात्र आलं नाही, आणि तालुक्याला धीर नव्हता. यादी पूर्ण करायची मुदत होती. फोन आले, निरोप आले, मग कडक भाषेतले निरोप आले. शेवटी पर्यवेक्षिका बाई स्वतः आल्या, एका हातात 'कारणे दाखवा' नोटिशीचा लिफाफा, दुसऱ्या हातात त्या अकरा नावांच्या यादीची दुसरी प्रत. अंगणवाडीत तेव्हा पोरं गोल करून उसळ खात होती. तन्वीही होती. मथुराने आदल्या सोमवारी तिला कडेवर घेऊन सगळ्या वाडीतून मिरवत आणली होती, अक्काच्या दारावरून तर दोनदा.

"मथुराबाई, तुमची नोकरी जाईल. सहीला काय लागतं हो?" पर्यवेक्षिका म्हणाल्या. "नाही करणार ना? मग ही घ्या नोटीस." त्यांनी लिफाफा पुढे केला.

मथुरा पोरांच्या गोलात मांडी घालून बसली होती. नोकरी जाण्याची भीती तिला वाटली, खोटं कशाला सांगा. दोन वर्षं राहिली होती निवृत्तीला. पण तिच्या अंगातला हट्ट वर आला. तिने लिफाफ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"घ्या म्हणते ना!" पर्यवेक्षिका चिडल्या.

"तुमी परक्या," मथुरा म्हणाली. "घरच्यांनी सांगूक होया."

पर्यवेक्षिकांना काही कळेना. लिफाफा हवेत तसाच. पोरांचे घास थांबले. तन्वीने लिफाफ्याकडे पाहिलं, बाईच्या पाठीमागच्या हातांकडे पाहिलं. मग ती उठली, उसळीने माखलेला हात बाईच्या खांद्यावर ठेवला आणि आईच्या सुरात, अगदी मोठेपणाने म्हणाली, "घे गो बाई, घे."

मथुराने लिफाफा घेतला. पोच म्हणून पुढे केलेल्या कागदावर सही केली, पूर्ण नावाची, टिंबासकट. मग पर्यवेक्षिकांच्या दुसऱ्या हाताकडे बोट दाखवलं.

"आता ती यादी वाचा. चौथा नाव. ह्या पोरीच्या तोंडार वाचा."

पर्यवेक्षिकांनी यादी उघडली. तन्वी मान वर करून त्यांच्याकडे पाहत उभी होती. त्यांनी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं, तोंड उघडलं, आणि यादी मिटून पिशवीत टाकली.