पानफुटीचे धन्वंतरी परसोत्तमबापा

गुजरातेत अमरेलीकडच्या त्या गावात पाणी असं खारं की भांड्यांवर पांढरी पुटं चढतात आणि माणसांच्या पोटात खडे धरतात. दुखणं घरोघरी, म्हणून वैद्यही ओट्याओट्यावर. त्या सगळ्यांचे मुकुटमणी परसोत्तमबापा.

बापांचं सारं वैद्यकीय शिक्षण एका खड्यावर झालं होतं. वीस वर्षांपूर्वी ज्वारीच्या दाण्याएवढा मुतखडा त्यांच्या लघवीवाटे आपसूक पडला. नेमक्या त्याच आठवड्यात ते पानफुटीची पानं चघळत होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, आणि गावाच्या मानगुटीवर एक धन्वंतरी बसला. तो खडा त्यांनी तपकिरीच्या डबीत कापसावर जपून ठेवला होता. आल्यागेल्याला आधी खडा दाखवायचे, मग चहा.

सकाळपासून दुपारपर्यंत ओट्यावर दहाबारा पुरुष, बशीत चहा आणि बापांचं प्रवचन. "पानफुटी चघळा, हुलग्याचं कढण प्या, पाणी ढोसा! डॉक्टर कसले, कसाई ते. मशीनच्या लाटा मारून फोडतात म्हणे!"

"बापा, माझा खडा तपासणीत बारा एमएमचा दिसलाय," कुणी घाबरत सांगे.

"आकड्याला काय भितोस? पानफुटीला आकडे वाचता येतात होय?"

मंडळी हसायची.

चैत्रात त्यांची सून जागृती कमरेत कळ येऊन चुलीपुढेच वाकडी झाली. नवरा सुरतेला हिरे घासायला. सुनेने सासऱ्यापुढे आणि परक्या पुरुषांपुढे तोंडावर पदर ओढायचा अशी तिथली रीत; बापाही सुनेशी थेट बोलत नसत. पानं पाठवली ती बायकोच्या, समजुबाच्या हाती.

"राजकोटला नेऊ हो पोरीला," समजुबा म्हणाली.

"माझी सून डॉक्टरकडे? उद्या माझ्या ओट्यावर कुत्रं तरी येईल का?"

नवव्या दिवशी कळ थांबली. खडा विरघळला म्हणत बापांनी पेढे वाटले. खडा पडलेला कुणी पाहिला नव्हता, पण पेढे खाताना असं कोण विचारतो?

महिन्याने जागृतीला हुडहुडी भरून ताप आला, पोटात पाणी ठरेना. या खेपेला समजुबाने नवऱ्याला विचारलंच नाही. शेजाऱ्याची गाडी बोलावली. बापा मागल्या बाजूला अंग चोरून बसले.

राजकोटच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. "खडा आहे तिथेच आहे, नळीत अडकून. वरती किडनी तुंबून फुगलीय."

"पण दुखायचं थांबलं होतं ना!" बापा म्हणाले.

"काका, मरत आलेली किडनी ओरडत नाही. आता आधी आत नळी घालून वाट मोकळी करू. ताप उतरला की दुर्बिणीने जाऊन लेसरने खडा फोडू. महिन्यापूर्वी आणलं असतंत तर एवढी वेळ आली नसती." मग ते जागृतीकडे वळले. "दिवसाला पाणी किती पितेस, बेटा?"

पदराआडून ती सासूच्या कानात पुटपुटली.

"मोठ्याने सांग," समजुबा म्हणाली. "त्यांनाही ऐकू दे."

"दोन पेले. संडास ओट्यापलीकडे आहे. दुपारपर्यंत बापुजींची मंडळी बसलेली असते. एवढ्या पुरुषांतून तोंडावर पदर ओढून, हातात डबा घेऊन कशी जाऊ? म्हणून पाणीच पीत नाही."

गावाला 'पाणी ढोसा' सांगणारे बापा छताचा पंखा न्याहाळू लागले.

खडा निघाला. डावी किडनी मात्र पुन्हा कामाला लागली नाही.

घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी मंडळी जमली. बापा खाकरले. इतकं होऊनही हा माणूस सुरू झालाच! "तसा माझ्या पानांनी खडा मऊ पडलेलाच होता, म्हणून तर लेसरला..."

दार उघडलं. जागृती पाण्याचा डबा घेऊन बाहेर आली. पदर खांद्यावर, तोंड उघडं. लग्नानंतरच्या आठ वर्षांत ते तोंड त्यांच्यातल्या कुणी पाहिलं नव्हतं. कुणाकडे न बघता ती मंडळींच्या मधून पलीकडे गेली.

दारातून समजुबा म्हणाली, "पाय आवरून बसा रे. दिवसातून आठ वेळा जाईल ती आता. आणि कुणाला बघवत नसेल, तर त्याला त्याचं घर आहे."

एकेकाला घरची कामं आठवली.

पुढे आठवडाभर बापांना अन्न गोड लागेना. ओटा ओस पडला हो, ओटा ओस पडला, म्हणत ते घरभर फिरायचे. सुनेच्या किडनीचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही.