ही चूक नाही

पाठीमागे आम्ही सगळे त्यांना कुलूप म्हणायचो. तोंडावर अर्थातच साहेब. त्यांना हे ठाऊक होतं आणि आतून आवडतही असावं. सरळच सांगते, पहिली दोन वर्षं मला हा माणूस मुळीच आवडला नाही. माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून, त्यामुळे सुटकाही नव्हती.

आमचं काम एका यादीचं. न मागता लोकांच्या ईमेलमध्ये जाहिराती ओतणाऱ्या कंपन्या, दुकानं, दलाल, सगळ्यांचे पत्ते त्या यादीत चढवायचे. हजारो कार्यालयं ईमेल आत घेण्याआधी आमची यादी बघतात. पाठवणारा यादीत असला की त्याचं पत्र दारातूनच परत जातं. ते कचऱ्याच्या पेटीतसुद्धा पडत नाही. नोंदवहीत एक ओळ तेवढी उरते: कोणी पाठवलं, कोणाला, किती वाजता आणि पत्र केवढं होतं. आत काय लिहिलं होतं ते कोणालाच कळत नाही.

पाठवणाऱ्याला मात्र यंत्र आपोआप उत्तर देतं. तो मजकूर साहेबांचा. "तुमचं पत्र नाकारलं आहे. तुमचा पत्ता आमच्या यादीत आहे. ही चूक नाही." शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम घातलं होतं, कारण यादीत चढलेला प्रत्येक जण फोनवर पहिलं हेच म्हणायचा की साहेब, काहीतरी चूक झालीय. ऑफिसात त्या वाक्याचा विनोद झाला होता. चहात साखर जास्त पडली, कोणी दुसऱ्याची छत्री उचलून नेली, की लगेच कोणीतरी म्हणणार, "ही चूक नाही." सगळ्यात जास्त मीच म्हणायचे.

भांडणं रोजचीच. कोणी कोर्टात खेचायची धमकी द्यायचं, कोणी रडायचं. एक गादीवाला दारात येऊन ओरडला, "चोर सोडून संन्याशाला फाशी देताय तुम्ही!" साहेब चष्मा पुसत म्हणाले, "संन्यासी महिन्याला चाळीस हजार ईमेल पाठवत नाहीत." त्यांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. संकेतस्थळावर अर्ज भरा, ज्यांनी मागितलं त्यांनाच पाठवू असं लिहून द्या, प्रत्येक पत्राखाली 'नको असेल तर बंद करा' ही ओळ घाला. मग पत्ता निघेल. फोनवर काही नाही. ओळखीवर तर नाहीच नाही.

हा कडवटपणा आला कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी त्यांना एका मोठ्या नोकरीचं बोलावणं आलं होतं, आणि ते केस उगवण्याच्या तेलाच्या आणि फुकट सहलींच्या तीनशे जाहिरातींखाली दबून राहिलं. सापडलं तेव्हा मुलाखत होऊन चार दिवस झाले होते. "तेव्हा ताईच्या घरी राहत होतो," ते म्हणाले. "तिनंच शिकवलं मला, स्वतःच्या पगारातून. ती म्हणाली, जाऊ दे रे, दुसरी मिळेल. पण मला नाही जाऊ देता आलं." लग्न केलं नाही. दुपारी डब्यात दोन पोळ्या आणि एक भाजी, पोळ्या कधी तीन नाहीत. पेन्सिल टोक संपेपर्यंत वापरायचे. घरच्या ईमेललाही त्यांनी ऑफिसचीच यादी लावली होती. नियम म्हणजे आधी स्वतःच्या घराला, मग दुसऱ्याच्या.

आणि मग भावोजी यादीत आले.

ताईंचे यजमान दुसऱ्या गावी पाणी गाळायचे फिल्टर विकायचे. छोटं दुकान, दोघं नवराबायको आणि एक जोडणी करणारा. फिल्टरमधली कँडल दर सहा महिन्यांनी बदलावी लागते, म्हणून गिऱ्हाइकांना आठवणीचं ईमेल जायचं. ते ताईच लिहायच्या. इथवर ठीक होतं. पण भावोजींना कोणीतरी वीस हजार पत्त्यांची यादी विकली, आणि ज्यांनी आयुष्यात तो फिल्टर पाहिला नव्हता त्यांनाही आठवण जाऊ लागली. तक्रारी आल्या. पत्ता ओळखीचा आहे हे मी पाहिलं आणि कागद गुपचूप ढिगाच्या तळाशी सारला. साहेबांनी तो काढला, वाचला, पत्ता यादीत चढवला आणि डबा उघडला. मला त्यांचा राग आला. आणि खरं सांगायचं तर थोडा आदरही वाटला, त्याची आता लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. साहेबांचं एवढंच ऐकू आलं: "ताई, फोनवर हा विषय नको. काय असेल ते लेखी पाठव."

त्यांना म्हणायचं होतं, अर्ज भरा. भावोजींनी भरला नाही. चोरानं भरायचा अर्ज मी का भरू, असं ते म्हणाल्याचं साहेबांच्या कानावर आलं. त्यानंतर त्या घरून काही नाही. साहेबही फोन करेनात. "आधी तिनं लिहावं," ते म्हणायचे. "मी चुकलो नाही." मी दोनदा म्हटलं, साहेब, बहीण आहे, तुम्हीच करा. पालथ्या घड्यावर पाणी. पण माझ्या लक्षात आलं होतं, हा माणूस रोज संध्याकाळी निघण्याआधी घरचं ईमेल उघडून बघायचा. रिकामं असायचं. असणारच, बंदोबस्त त्यांनीच चोख केला होता.

पाच महिने असे गेले. एका सकाळी फोन मी उचलला. "मेव्हण्याला द्या," पलीकडचा आवाज म्हणाला. आमच्या फोनचा आवाज असा की शेजारच्याला सगळं ऐकू यावं.

"ताई गेली. काल पहाटे."

साहेब उभे राहिले. "कशानं? भावोजी, मला कळवलं का नाही?"

"कळवलं नाही? पाच महिने अंथरुणात होती. स्वतः लिहायची तुला, दुकानाच्या पत्त्यावरून. अकरा वेळा लिहिलं. अकरा वेळा तुझं उत्तर आलं, ही चूक नाही."

"ते यंत्र देतं, भावोजी. मी नाही."

"वाक्य तुझंच ना? तूच कौतुकानं सांगितलं होतंस तिला. मी म्हटलं, फोन लावतो. तर तिनं शपथ घातली. म्हणाली, फोन नको, लेखी पाठव, असं त्यानंच सांगितलंय."

त्या दुपारी साहेब गेले आणि चार दिवसांनी परत आले. आल्यावर पहिलं काम म्हणजे त्यांनी मला आपल्या घरच्या ईमेलची नोंदवही उघडायला सांगितली. मी शोधलं. अकरा ओळी सापडल्या. पहिलं पत्र लांबलचक असावं, चार-पाच पानांचं. दुसरंही मोठं. मग ती लहान होत गेली. शेवटचं, जाण्याच्या नऊ दिवस आधीचं, जेमतेम एका ओळीचं होतं, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पाठवलेलं.

"तीन दहाला मी इथेच होतो," साहेब म्हणाले.

"दुकानाच्या कॉम्प्युटरवर प्रती असतील ना?" मी विचारलं.

"मागितल्या. तिनं पुसून टाकल्यात. परत आलेलं पत्र कशाला ठेवायचं, असं भावोजींना म्हणाली होती."

मी म्हटलं, "निदान दुकानाचा पत्ता तरी यादीतून काढते."

"अर्ज आलेला नाही," ते म्हणाले. सवयीनंच म्हणाले असतील. पण माझा तोल गेला.

"साहेब, अर्ज कोणाकडे मागताय? लिहिणारी गेली!" सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा एक पत्ता अर्जाशिवाय काढला. मग यंत्राच्या उत्तरातलं शेवटचं वाक्यही पुसलं. ऑफिसात ते वाक्य पुन्हा कोणी उच्चारलं नाही, मी तर नाहीच.

यानंतर माणूस पार मिटला. काम करायचे, पण गादीवाल्यांशी भांडायचे नाहीत. घरच्या ईमेलची यादी त्यांनी काढून टाकली होती. केसांच्या तेलापासून फुकट सहलींपर्यंत सगळं आत यायला लागलं, आणि ते एकेक उघडून शेवटपर्यंत वाचायचे. मी एकदा म्हटलं, कशाला डोळे फोडून घेताय? म्हणाले, "चुकून काही राहायला नको."

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. पडद्यावर दुकानाचं पत्र होतं. आठवणीचं, सगळ्या गिऱ्हाइकांना जाणारं. साहेबांच्या स्वयंपाकघरात ताईंनीच फिल्टर बसवून दिला होता, तेव्हा दुकानाच्या गिऱ्हाइकांत त्यांचं नाव असणारच.

"नमस्कार. तुमच्या फिल्टरला सहा महिने झाले. कँडल बदलायला तुम्ही विसरणार, म्हणून आठवण करते. बदलेपर्यंत पाणी उकळून प्या, आळस करू नका. — दुकानातली ताई."

त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. "ही पत्रं नको असतील तर इथे दाबा. राग येणार नाही."

म्हणजे नियमातली ती ओळ ताईंनी घातली होती. नवऱ्याला न सांगता, अंथरुणातूनच घातली असणार. आणि ती घातली हेही त्यांनी त्या अकरांपैकी एखाद्या पत्रात लिहिलं असणार. साहेबांना हे माझ्याआधी कळलं होतं. ते रडत होते, आणि ते लपवतही नव्हते.

"हे येणं बंद कधी होईल?" त्यांनी विचारलं.

"कोणी बंद केल्याशिवाय नाही होणार," मी म्हटलं. "यंत्र पाठवतं ते. दर सहा महिन्यांनी येत राहील."

त्यांनी मान हलवली, भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटली आणि सहा महिन्यांनंतरच्या तारखेला पेन्सिलीनं गोल केला.